फाइल जाड, हिशेब कोरा

पुण्यात किंवा ठाण्यात भाड्याने दिलेल्या एखाद्या टू बीएचकेची फाइल उघडली, तर तीत काय काय निघतं? खरेदीखत. सूची क्रमांक दोनचा उतारा, ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र. आजवरच्या भाडेकरूंशी झालेले लिव्ह अँड लायसन्सचे करार, त्यांवर अंगठ्यांचे ठसे आणि वेबकॅमने काढलेले, सख्ख्या आईलाही ओळखू येणार नाहीत असे फोटो. आधार-पॅनच्या झेरॉक्स, पोलिसांकडे माहिती दिल्याची पोच, सोसायटीला दिलेलं पत्र, महापालिकेच्या कराच्या पावत्या. फाइलची दोरी बांधायला दोन माणसं लागावीत, इतका ऐवज.

आता या फाइलला एक साधा प्रश्न विचारावा. या घराने गेल्या वर्षी मालकाच्या हातात नेमके किती पैसे ठेवले? फाइल गप्प बसते. मालकाला विचारलं तर तो महिन्याचं भाडं सांगतो, त्याला बाराने गुणतो आणि विषय संपवतो. मधल्या दीड महिन्यात घर रिकामं होतं, एजंटला दलाली दिली, गळती काढायला बाथरूमच्या फरशा फोडल्या, हे त्याला आठवतं; पण ते कुठे लिहिलेलं नसतं. आयुष्यातली सर्वांत मोठी गुंतवणूक, आणि तिचा वर्षाचा हिशेब एका पानावरही नाही.

हे आळसामुळे होतं असं म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. किराणा दुकानदाराच्या उधारीची वही ठेवणारा, मुदत ठेवींच्या पावत्या तारखेनुसार लावणारा मराठी मध्यमवर्ग हिशेबाला कंटाळणारा नाही. भाड्याच्या घराचे कागद मुळात हिशेबासाठी जन्मलेच नाहीत. ते जन्मले भीतीतून. दिलेलं घर परत मिळेल का, ही ती भीती, आणि तिला आठ दशकांचा इतिहास आहे.

मुंबईतल्या भाड्यांवर पहिल्या महायुद्धाच्या काळातच निर्बंध आले होते. पण आजच्या मालकाच्या मनात घर करून बसलेला कायदा १९४७चा. त्याने प्रमाण भाडं ठरवताना १ सप्टेंबर १९४० ही तारीख पायाला धरली. फाळणी आणि युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येऊ न देणं गरजेचंच होतं. चूक झाली ती तात्पुरत्या उपायाला मुदतवाढ देत राहण्याची. गिरगाव, लालबाग, दादरमधल्या चाळींची भाडी दशकानुदशकं जागची हलली नाहीत. मालकांनी डागडुजी सोडली आणि १९६९ साली सरकारला इमारत दुरुस्तीसाठी वेगळा कायदा आणि मंडळ आणावं लागलं. उपकरप्राप्त इमारती हा शब्दप्रयोग तिथूनच आला. सुरुवातीला अशा इमारती एकोणीस हजारांवर होत्या. महापालिकेचा मालमत्ता कर तेव्हा भाड्यावर आधारलेला, त्यामुळे भाडं गोठलं तसा करही गोठला. मालक, भाडेकरू आणि पालिका या तिघांपैकी कुणालाच घराचं खरं मोल कागदावर नको होतं. खोलीचा ताबा देता-घेताना वरून मोजली जाणारी पागडी रोखीने फिरत राहिली.

त्या जगात सर्वांत किमती कागद होता भाडेपावती. वीतभर लांबीचा, पुस्तकातून फाडलेला, कधी कधी पन्नास-साठ रुपयांचा. पण पावतीवर नाव असणं म्हणजे खोलीवर हक्क असणं. वडील गेल्यावर पावतीवर मुलाचं नाव चढवून घेणं हा कुटुंबातला मोठा सोपस्कार होता, आणि अनेकदा भावाभावांतल्या भांडणाचं मूळही. मालकाने भाडं घ्यायचं नाकारलं की भाडेकरू ते मनीऑर्डरने पाठवत. मनीऑर्डर परत आली की ती परत आल्याचा कागद जपून ठेवत, कारण उद्या कोर्टात ‘भाडं थकलं’ असं मालक म्हणाला तर तोच कागद खोली वाचवणार. मालकानेही पावतीपुस्तक हे हत्यार म्हणूनच वापरलं: पावती द्यायची नाही, नाव बदलायचं नाही, बदलायचं तर रिवाजाप्रमाणे पागडीतला हिस्सा आधी मोजून घ्यायचा. पैसे मिळाल्याची नोंद हे पावतीचं खरं काम. ते मागेच पडलं. ती ताब्याच्या लढाईतला दाखला झाली.

दुसरा घाव १९७३ सालचा. कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठी अनेक मालक भाडेपट्टा करण्याऐवजी वापराचा परवाना, म्हणजे लायसन्स देत. त्या वर्षी विधिमंडळाने दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांचा परवाना चालू होता ते परवानाधारक संरक्षित भाडेकरू ठरले. काल पाहुण्यासारखा राहणारा माणूस रातोरात कायमचा झाला. ही एक तारीख घरमालकांच्या दोन पिढ्या विसरल्या नाहीत. ‘घर बंद राहिलं तरी चालेल, पण भाड्याने नको’ हे वाक्य ज्या घरांत आजही ऐकू येतं, त्या घरांत कुणा काकाची किंवा आत्याची खोली अशीच गेलेली असते. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात एक कोटी दहा लाखांहून जास्त घरं रिकामी आढळली. सगळी भीतीपोटी रिकामी होती असं कुणी म्हणणार नाही, पण भीतीचा त्यात वाटा आहेच. त्याच जनगणनेत शहरी कुटुंबांपैकी भाड्याने राहणारी २७.५ टक्केच उरली होती. १९६१ साली ती निम्म्याहून जास्त होती.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७च्या अखेरीस मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचा निकाल दिला. त्यातून १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण त्याने बहुतांशी राखलं. नव्यांसाठी मात्र त्याने मालकाला जे हवं होतं ते दिलं. कलम ५५ म्हणतं की करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरल्या जातील आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकेल. कलम २४ म्हणतं की मुदत संपूनही परवानाधारक हलला नाही तर मालकाने दिवाणी कोर्टाची पायरी न चढता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. राहिलेल्या दिवसांचं दुप्पट शुल्कही वसूल करता येईल.

म्हणजे भीतीचं औषध मिळून पाव शतक झालं. तरीही अकरा महिन्यांचा मोह सुटत नाही. १९०८च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिने, ही पळवाट देशभर रूढ झाली. महाराष्ट्रात कलम ५५मुळे ती निरर्थक आहे. अकरा महिने असोत की अकरा दिवस, नोंदणी करायचीच. पण पाचशेच्या स्टँपपेपरवर नोटरी करून ‘झालं अ‍ॅग्रीमेंट’ म्हणणारे एजंट प्रत्येक नाक्यावर आहेत, आणि त्यांचं ऐकणारे मालकही.

पैसे वाचतात म्हणावं, तर तेही फारसे नाहीत. महिना २५ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट आणि अकरा महिन्यांची मुदत धरू. अकरा महिन्यांचं भाडं २ लाख ७५ हजार; त्यात परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं, म्हणजे आणखी नऊ हजारांच्या आसपास. या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क होतं सातशे रुपयांच्या थोडं वर. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. घरबसल्या अंगठा लावून नोंदणी होते. एजंट जे उरलेले दोन-तीन हजार घेतो ते बायोमेट्रिक यंत्र घेऊन जिने चढण्याचे.

करार मात्र नीट वाचून पाहावा. भाडेकरूने काय करू नये याची कलमं त्यात पानभर असतात. खिळे ठोकू नयेत, पोटभाडेकरू ठेवू नये, पाळीव प्राणी आणू नये. घर भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही. आदर्श उपविधींनुसार कळवणं आणि कराराची प्रत देणं पुरेसं आहे. पण अनेक सोसायट्या आपलं वेगळं ‘ना हरकत’ छापून ठेवतात, कुठे तर कमिटीपुढे भाडेकरूची मुलाखतही होते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिगरभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. तो दाखवावा लागतो, हे वेगळं सांगायला नको. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची ती पोलीस आयुक्तांच्या मनाई आदेशामुळे. हे सगळे कागद भाडेकरू कोण आहे ते विचारतात. घर कसं आहे, हे त्यातला एकही विचारत नाही.

मालकाला हिशेबाकडे ढकलू शकेल असा एकच दरवाजा उरतो, आयकराचा. आणि गंमत अशी की त्या दरवाजाने त्याला हिशेबातून सूटच दिली आहे. भाड्यातून महापालिकेचा भरलेला कर वजा करायचा, उरलेल्या रकमेच्या तीस टक्के सरसकट वजावट घ्यायची, कर्ज असेल तर व्याज वेगळं. दुरुस्तीला रुपया लागो की दोन लाख, वजावट तीसच टक्के. बिल दाखवायचं नाही, कुणी मागणार नाही. सरकारच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे, कारण लाखो घरांच्या नळदुरुस्तीची बिलं तपासत कोण बसणार? पण ज्या कामाला बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही, ते माणूस करत नाही. तीस टक्क्यांच्या सोयीने प्लंबरचं बिल कचऱ्यात गेलं.

परदेशातल्या मराठी माणसाकडे पाहिलं की हे जास्त उघड होतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाचा कोथरूडला फ्लॅट असतो. मालक अनिवासी असल्यामुळे भाडेकरूने भाड्यातून सुमारे ३१ टक्के कर कापून भरायचा असतो, भाडं कितीही कमी असलं तरी. त्यासाठी त्याने टॅन क्रमांक काढायचा, तिमाही विवरणपत्र भरायचं. निवासी मालकाच्या बाबतीत महिना पन्नास हजारांच्या वर भाडं असेल तरच दोन टक्के कापायचे, म्हणून सामान्य भाडेकरूला या भानगडीची कल्पनाही नसते. तो हे करत नाही, मालक मागे लागत नाही, आणि कापला न गेलेला कर भाडेकरूच्याच अंगावर येऊ शकतो. पण मुद्दा पुढचा आहे. तेच कुटुंब अमेरिकेत करनिवासी म्हणून त्याच भाड्याचा हिशेब तिथल्या ‘शेड्यूल ई’ या परिशिष्टात भरतं. तिथे सरसकट तीस टक्के नाहीत. जाहिरात, साफसफाई, दुरुस्ती, विमा, दलाली, कर, प्रत्येकाची ओळ वेगळी. इमारतीचा घसाराही काढायचा. एकच फ्लॅट, एकच भाडेकरू. अमेरिकेच्या फॉर्मसाठी प्लंबरचं बिल शोधताना त्या कुटुंबाला पहिल्यांदा कळतं की कोथरूडचं घर नेमकं काय खातं.

मग त्यांच्यासारखा हिशेब इथेही मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण पुण्याच्या वाचकाला अनोळखी वाटू नयेत. फ्लॅटची किंमत ८५ लाख, भाडं महिना २४ हजार, वर्षाला २ लाख ८८ हजार. किमतीच्या मानाने ३.४ टक्के, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब थांबतो. आता वजा करत जाऊ. सोसायटीचा मेंटेनन्स महिना साडेतीन हजार, म्हणजे ४२ हजार. बिगरभोगवटा शुल्क दोन हजार. मालमत्ता कर १४ हजार. भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा गेला, २४ हजार. दलाली बारा हजार. रंग, नळ, गीझर, गळती यांचा वर्षाला येणारा वाटा वीस हजार. बेरीज एक लाख चौदा हजार. हातात राहतात १ लाख ७४ हजार, म्हणजे दोन टक्क्यांच्या जरा वर, तेही आयकराआधी.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या उदाहरणात आयकराची सरसकट वजावट मालकावर अन्याय करत नाही. रिकामा महिना सोडून मिळालेल्या २ लाख ६४ हजारांतून मालमत्ता कर आणि तीस टक्के गेले की करपात्र उरतात पावणेदोन लाख, प्रत्यक्ष शिल्लकेपेक्षा हजारानेच जास्त. पण ज्या वर्षी वरच्या मजल्याची गळती खाली उतरते त्या वर्षी हे गणित कोलमडतं, आणि तसं वर्ष किती वेळा आलं हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: भाडं दुय्यम, खरी कमाई किमतीच्या वाढीत. असेल. मग तोही हिशेब मांडावा. पुण्यात ८५ लाखांना घर घेताना सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५ लाख ९५ हजार, आणि नोंदणी फी तीस हजार. महिलेच्या नावावर घेतलं तर शुल्क एक टक्का कमी. एरवी सव्वासहा लाख पहिल्याच दिवशी जातात. वरच्या हिशेबाने साडेतीन वर्षांहून जास्त काळाचं निव्वळ भाडं. गृहकर्जाचं व्याज त्यावर. विकताना भांडवली नफ्यावर कर लागतो तेव्हा खरेदीचा खर्च आणि घरात केलेली कायमची सुधारणा दाखवता येते, पण बिलं असतील तर. पंधरा वर्षांपूर्वी नवं स्वयंपाकघर करून घेतलं त्याचं बिल किती जणांकडे आहे? ‘तेव्हा तीन लाखांना घेतलेला, आज नव्वद लाखांचा झाला’ ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत ऐकायला बरी वाटते. गुंतवणुकीचा अहवाल म्हणून ती चालत नाही.

अहवाल कसा असतो, हे पाहायला फार लांब जायला नको. ऐरोलीतली आणि येरवड्यातली मोठमोठी कार्यालयसंकुलं आज ‘रीट’च्या, म्हणजे रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्टच्या मालकीची आहेत. माइंडस्पेस बिझनेस पार्क्स रीट ऑगस्ट २०२० मध्ये शेअर बाजारात आलं. सेबीच्या नियमांमुळे त्याला इमारतींचं मूल्यांकन स्वतंत्र मूल्यांककाकडून करून घ्यावं लागतं, वाटपयोग्य रकमेपैकी किमान नव्वद टक्के युनिटधारकांना द्यावी लागते, आणि किती जागा भरलेली आहे, कोणते करार कधी संपणार आहेत, हे ठरावीक काळाने जाहीर करावं लागतं. शेअर बाजारात काही हजार रुपये टाकणाऱ्याला ही माहिती हक्काने मिळते. त्याच येरवड्यात ८५ लाख घातलेल्या माणसाला स्वतःच्या घराबद्दल ती नसते, आणि ती मागायचीही त्याला स्वतःकडेच असते.

दोन खोल्यांच्या मालकाने कंपनीसारखं का वागावं, असा आक्षेप इथे रास्त आहे. निवृत्त शिक्षकाने एक फ्लॅट घेतला, त्याचं भाडं म्हणजे त्याची पेन्शन. त्याला टक्केवारीशी काय देणंघेणं? पण हिशेबाची सर्वांत जास्त गरज त्यालाच आहे. कंपनीकडे शंभर गाळे असतात, एक रिकामा राहिला तर नव्याण्णव भरलेले असतात. शिक्षकाचा एकच गाळा रिकामा राहिला तर त्या महिन्याची पेन्शन शून्य. दर दहा वर्षांनी रंग, वायरिंग, पाण्याची पाइपलाइन यांचा खर्च एकदम येतो, आणि तो भाड्यातून आधीच बाजूला काढलेला नसेल तर मुलाकडे हात पसरावा लागतो.

पालिकेचा कागद तर मालकाला खोटं बोलायचा मोह घालतो. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला मालमत्ता करात चाळीस टक्के सवलत आहे, १९७०पासूनची. मध्यंतरी ती गेली आणि २०२३ साली परत आली. ती घेण्यासाठी पीटी-३ अर्ज करून स्वतःच राहत असल्याचा पुरावा द्यायचा. भाड्याने दिलेल्या घराला ती मिळत नाही. म्हणजे एकाच घराचा भाडेकरार नोंदणी विभागाकडे आणि ‘आम्हीच राहतो’ असा अर्ज पालिकेकडे, असं होऊ शकतं. दोन्ही खाती सरकारचीच आहेत आणि दोन्ही संगणकावर आहेत, एवढं मालकाने लक्षात ठेवावं.

या सगळ्यात सर्वांत कमी कागद मिळतो तो भाडेकरूला. त्याची ओळख पाच ठिकाणी नोंदली जाते, पण तो आत आला तेव्हा भिंतीला ओल होती का, पंखे किती होते, विजेच्या मीटरचा आकडा काय होता, हे कुठेच लिहिलेलं नसतं. घर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पंधरा हजार कापले जातात आणि दोघांपैकी खरं कोण बोलतं हे ठरवायला साधन नसतं. चावी देताना पानभर यादी आणि मोबाइलवर काढलेले पंधरा-वीस फोटो, दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले, एवढ्याने हा वाद बहुतांशी मिटतो. मालक ते करत नाही, कारण त्याला कागद म्हणजे भाडेकरूला बाहेर काढायचं साधन वाटतं. तो आपल्यालाही बांधून ठेवतो हे त्याला रुचत नाही. चाळीतल्या मालकाने पावती नाकारली, फ्लॅटमधला मालक यादी नाकारतो.

म्हणून मालक असलेल्या वाचकाला एकच विनंती. यंदा आयकर विवरणपत्र भरायला बसताना फाइलमध्ये एक पान वाढवावं. वर घराची आजची किंमत, खाली वर्षभरात हातात आलेलं भाडं, त्याखाली गेलेला प्रत्येक रुपया, रिकामे गेलेले दिवस आणि चालू करार संपण्याची तारीख. हे पान सीए मागणार नाही, सोसायटी मागणार नाही, पोलीस तर नाहीच नाही. ते पाहून काहींनी भाडं वाढवावं, काहींनी चांगला भाडेकरू टिकावा म्हणून ते तसंच राहू द्यावं, काहींनी फ्लॅट विकून मोकळं व्हावं, आणि तिसऱ्या फ्लॅटचं बुकिंग करायला निघालेल्यांनी टोकन देण्याआधी पहिल्या दोन घरांचं पान भरून पाहावं.